'नेहमीचंच आहे' इंग्रजीत कसं म्हणतात? नव्याने कॉलवर बसणाऱ्यांसाठी

इंग्रजी माध्यमात शिकलेली, झरझर ईमेल लिहिणारी मुलंसुद्धा परदेशी क्लायंटच्या कॉलवर एका जागी हमखास अडखळतात. समोरचा काहीतरी बिघडल्याचं सांगतो आणि शेवटी 'पार फॉर द कोर्स' असं पुटपुटतो. चारही शब्द ओळखीचे, पण एकत्र आले की अर्थ लागत नाही. मग आपण सवयीने 'ओके, ग्रेट' म्हणतो आणि पलीकडचा माणूस गप्प होतो.

पुण्यातल्या एका सपोर्ट टीममध्ये मी बरीच वर्षं इंग्लंडच्या ग्राहकांचे फोन घेतले. आता नव्या मुलामुलींना त्याच कामासाठी तयार करते. जे नेहमीचं आहे, ठरलेलं आहे, अपेक्षितच होतं, त्याबद्दल बोलायला इंग्रजीत ढीगभर वाक्प्रचार आहेत आणि शाळेत त्यातले फारसे कोणी शिकवत नाही. परदेशी नुकतेच राहायला गेलेल्यांनाही हेच लागतं.

हाताशी काय हवं

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला एक शब्दकोश हवा. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड या दोघांचेही इंटरनेटवर फुकट आहेत. वाक्प्रचार शोधताना पहिल्या शब्दावर जाऊ नका, त्यातल्या वजनदार शब्दावर जा: 'पार', 'मिल', 'थंब'. अर्थाशेजारी बारीक अक्षरात काही शेरे असतात: 'इन्फॉर्मल' म्हणजे बोलीतलं, 'यूके' म्हणजे ब्रिटिश, 'डिसअप्रूव्हिंग' म्हणजे नापसंती दाखवणारं, 'ओल्ड फॅशन्ड' म्हणजे जुनाट. आपली मुलं अर्थ वाचतात आणि नेमका हा शेरा सोडतात. यूग्लिश नावाची एक साइट आहे. तिथे वाक्प्रचार टाकला की खऱ्या व्हिडिओंमध्ये लोक तो कोणत्या आवाजात म्हणतात ते ऐकता येतं. आणि एक साधी वही. मोबाइलमधल्या नोंदी परत उघडल्या जात नाहीत, हा माझा अनुभव.

पायरी 1: अर्थाआधी सूर ओळखा

'हे नेहमीचं आहे' हे वाक्य आपणसुद्धा कधी कोरडं बोलत नाही. 'चालायचंच' म्हणतो तेव्हा समजूत घालत असतो. 'ये रे माझ्या मागल्या' म्हणतो तेव्हा वैतागलेलो असतो. 'त्यात काय विशेष' मध्ये थोडं नाक मुरडणं असतं आणि 'घरोघरी मातीच्या चुली' मध्ये दिलासा. इंग्रजी वाक्प्रचारांचंही हेच आहे. म्हणून वहीत तीन रकाने करा: वैताग, नाक मुरडणं, दिलासा. नवा वाक्प्रचार कानावर आला की आधी रकाना ठरवा, बारीक अर्थ नंतर पाहता येतो. शब्दकोशात तिन्हींपुढे थोड्याफार फरकाने 'सामान्य, नेहमीचे' असंच लिहिलेलं असतं. तेवढ्यावर विसंबलात तर वैतागलेल्या माणसाचं अभिनंदन करून बसाल.

पायरी 2: 'पार फॉर द कोर्स' नीट पचवा

हा एक समजला की अर्धं काम झालं, म्हणून इथे थोडं थांबू.

'पार' हा शब्द गोल्फच्याही आधी व्यापारात होता. आपल्या चेकवर 'पेएबल अ‍ॅट पार' छापलेलं असतं ते आठवा: कुठल्याही शाखेत वटवा, पूर्ण रक्कम मिळेल, वटणावळ कापणार नाहीत. शेअर 'अ‍ॅट पार' म्हणजे दर्शनी किमतीला. गोल्फने हाच शब्द उचलला. एखाद्या भोकात चेंडू घालवायला कसलेल्या खेळाडूला जितके फटके लागावेत, तो त्या भोकाचा पार. बहुतेक ठिकाणी तो 3, 4 किंवा 5 असतो. 18 भोकांची बेरीज म्हणजे त्या मैदानाचा, अर्थात कोर्सचा पार. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या प्रसिद्ध ओल्ड कोर्सचा पार 72 आहे. तेव्हा 'पार फॉर द कोर्स' म्हणजे या मैदानावर एवढे फटके लागायचेच.

बोलण्यात मात्र हा वाक्प्रचार चांगल्या गोष्टीला जवळपास कधीच लावत नाहीत. पगार वेळेवर झाला, तर तो 'पार फॉर द कोर्स' म्हणवत नाही. प्रिंटर पुन्हा अडकला, विमान पुन्हा उशिरा, बिल्डरने पुन्हा तारीख पुढे ढकलली, की म्हणायचं. रकाना पहिला, वैताग. पण आदळआपट करणारा नव्हे, हात टेकलेला. उत्तरादाखल 'ओह नो, अगेन?' किंवा नुसतं 'आय नो' पुरतं. तोडगा तुम्ही द्यायचाच आहे, पण आधी हे दोन शब्द जाऊ द्या.

पहिला सापळा: गोल्फमध्ये पारपेक्षा कमी फटके लागणं चांगलं, म्हणून तिथे 'अंडर पार' ही शाबासकी. रोजच्या बोलण्यात 'बिलो पार' किंवा 'अंडर पार' म्हणजे दर्जाला उतरलेलं नाही, किंवा तब्येत जरा बरी नाही. मॅनेजर 'आयम फीलिंग अ बिट बिलो पार' म्हणाला, तर कॉल लवकर आटपा.

दुसरा सापळा: बरोबरी दाखवायला आपण 'अ‍ॅट पार विथ' लिहितो. भारतात ते सर्रास चालतं. ब्रिटिश माणूस 'ऑन अ पार विथ' लिहितो, अमेरिकन 'ऑन पार विथ'. अडत कुणाचंच नाही, पण अहवालात खटकतं.

पायरी 3: वस्तूला आणि दर्जाला लावायचे शब्द

इथे बहुतेक दुसरा रकाना, नाक मुरडण्याचा.

'रन ऑफ द मिल' म्हणजे चारचौघांसारखं, वेगळेपण नसलेलं. शब्द गिरणीतून आला आहे: यंत्रावरून उतरलेला, अजून निवड न झालेला, चांगलं-वाईट वेगळं न केलेला माल. एखाद्या सिनेमाला, हॉटेलला, रेझ्युमेला लावतात. समोर बसलेल्या माणसाच्या कामाला लावू नका, अपमान होतो.

'बॉग स्टँडर्ड' हा खास ब्रिटिश. अर्थ: साधंसुधं, जास्तीचं काहीही नसलेलं. 'जस्ट अ बॉग स्टँडर्ड लॅपटॉप' यात राग नाही. पण 'बॉग' हा तिकडे संडासासाठीचा बोलीतला शब्द असल्याने वास येतोच. 2001 साली टोनी ब्लेअर यांचे प्रवक्ते अ‍ॅलिस्टर कॅम्पबेल यांनी सरकारी शाळांबद्दल बोलताना 'बॉग स्टँडर्ड' म्हटलं आणि शिक्षकांमध्ये संतापाची लाट उठली. स्वतःच्या वस्तूला म्हणा. क्लायंटच्या वस्तूला तोच म्हणू दे.

'गार्डन व्हरायटी' अमेरिकन, 'कॉमन ऑर गार्डन' ब्रिटिश. सगळीकडे उगवणारं, म्हणजे विशेष नसलेलं. डॉक्टर 'इट्स जस्ट अ गार्डन व्हरायटी कोल्ड' म्हणाले तर खूश व्हा: साधी सर्दी आहे, तपासण्या नकोत. एकच वाक्प्रचार वस्तूला लावला की दुसऱ्या रकान्यात जातो आणि आजाराला लावला की तिसऱ्या. आजार सामान्य असलेलाच बरा!

'नथिंग टु राइट होम अबाउट': घरी पत्र लिहून कळवावं असं काही नाही. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या पत्रांच्या काळात हा चांगलाच रुळला. जेवण कसं होतं, हॉटेल कसं होतं, याचं सभ्य उत्तर आहे हे. वाईट म्हणायचं नाही आणि चांगलंही म्हणवत नाही, तेव्हा वापरा. नवख्याने बोलायला सुरुवात करावी ती यापासून, कारण यात कुणी दुखावत नाही.

आयटीवाल्यांच्या कानावर 'व्हॅनिला' येईल. 'व्हॅनिला इन्स्टॉल' म्हणजे काहीही बदल न करता, जसंच्या तसं बसवलेलं. इथे नाक मुरडणं अजिबात नाही, हा कामाचा शब्द आहे.

पायरी 4: कामाच्या जागी

'बिझनेस अ‍ॅज युजुअल' म्हणजे काहीही होवो, काम चालू. 1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनमध्ये ही घोषणाच झाली. त्या नोव्हेंबरात चर्चिल यांनी भाषणात ती ब्रिटिश जनतेचा बाणा म्हणून मांडली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना काचा फुटलेल्या दुकानांवर या पाट्या लागल्या. काही विनोदी दुकानदारांनी 'मोर ओपन दॅन युजुअल' असंही लिहिलं होतं. तो सूर लक्षात ठेवा: संकटातही नेटाने चालू.

आजच्या ऑफिसात याचं 'बीएयू' झालं आहे. प्रोजेक्टबाहेरचं, रोजचं, चालू ठेवायचं काम म्हणजे बीएयू. मुलाखतीत 'हाउ मच ऑफ युअर टाइम इज बीएयू?' विचारलं, तर नवं काही उभारण्यापलीकडे रोजची तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी, सोडवण्यात किती वेळ जातो ते सांगा. उलट हवामानबदलाच्या अहवालात 'बिझनेस अ‍ॅज युजुअल' दिसलं तर तिथे ती धोक्याची घंटा असते: काही न बदलता असंच चालू ठेवलं तर काय होईल, तो अंदाज.

'कम्स विथ द टेरिटरी' म्हणजे ओघाने आलंच. टीम लीड झालात की दोन्हीकडून बोलणी खाणं ओघाने आलंच. 'ऑल इन अ डेज वर्क' कोणी आभार मानल्यावर म्हणतात: त्यात काय, रोजचंच काम आहे. हसत म्हणा, नाहीतर कुरकुर वाटते. 'ब्रेड अँड बटर' म्हणजे ज्या कामावर पोट चालतं ते.

ईमेलमधला एक सापळा वेगळा सांगते. मी पाहिलेल्या भांडणांपैकी बरीच यातून झाली. 'अ‍ॅज युजुअल' वाक्याच्या सुरुवातीला टाकून खाली तक्रार लिहिली की ती चपराक होते. 'अ‍ॅज युजुअल, द फाइल इज मिसिंग' याचा अर्थ पलीकडे असा लागतो: तुम्ही लोक नेहमीच विसरता. तुम्हाला फक्त 'मागच्यासारखंच झालं आहे' एवढंच कळवायचं असेल, तर 'द फाइल इज मिसिंग अगेन, कुड यू री-सेंड इट?' पुरे. चांगल्या गोष्टीला मात्र ते छान लागतं: 'ब्रिलियंट अ‍ॅज युजुअल'.

पायरी 5: 'इथे असं करतात' हे ओळखणं

नव्या गावात शिरस्ता कळणं पोटापाण्याइतकंच महत्त्वाचं, आणि इंग्रज माणूस शिरस्ता थेट सांगत नाही. 'इट्स नॉट रिअली द डन थिंग' हे तुम्ही ऐकलंत, तर मऊ आवाजावर जाऊ नका. ते स्पष्ट 'असं करत नाहीत' आहे. 'इट्स नॉट क्रिकेट' म्हणजे नियमात बसत असेलही, पण शोभत नाही. हा आता जुनाट झालाय, जुन्या लोकांच्या तोंडी येतो.

'सपोज्ड टु' कडे नीट लक्ष द्या. 'यू आर सपोज्ड टु साइन इन' म्हणजे सही करायची असते, करा. 'द ट्रेन वॉज सपोज्ड टु कम अ‍ॅट नाइन' म्हणजे नऊला यायची होती, आलेली नाही. वर्तमानात नियम सांगतो, भूतकाळात नियम मोडल्याचं सांगतो. 'वॉज' ऐकू आलं की समजा काहीतरी फिसकटलंय.

'रूल ऑफ थंब' ला मराठीत नेमका शब्द आहे: ठोकताळा. तांदळाच्या वर बोटाचं एक पेर बुडेल इतकं पाणी, हा आपल्या घरोघरचा ठोकताळा. वाक्प्रचार सतराव्या शतकापासून आहे. अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने बायकोला मारण्याची इंग्लंडच्या कायद्यात मुभा होती आणि त्यातून हा शब्द आला, असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. असा कायदा कुठे सापडलेला नाही. 1782 साली फ्रान्सिस बुलर नावाच्या न्यायाधीशावर असं बोलल्याचा आळ आला, त्याची व्यंगचित्रं निघाली, आणि पुढे ती गोष्ट या वाक्प्रचाराला चिकटली. तरीही काही लोक त्या गोष्टीमुळे हा शब्द टाळतात. शंका असेल तिथे 'अ‍ॅज अ रफ गाइड' म्हणा.

'इट गोज विदाउट सेइंग' म्हणजे वेगळं सांगायला नको. ज्येष्ठांना किंवा क्लायंटला लिहू नका, 'एवढंही कळत नाही का' असा वास येतो.

पायरी 6: किती वेळा घडतं

'अ‍ॅज अ रूल' मध्ये नियम वगैरे काही नाही, फक्त 'सहसा'. 'मोर ऑफन दॅन नॉट' म्हणजे बहुतेक वेळा. 'बाय अँड लार्ज', मूळचा शिडाच्या जहाजांवरचा, म्हणजे एकंदरीत. हे तिन्ही बिनधोक, अहवालातही चालतात.

आपल्याकडची एक चूक मात्र लवकर मोडा. रोजच्या सवयीसाठी 'आय यूज्ड टु गो टु जिम डेली' म्हणू नका. त्याचा अर्थ पूर्वी जायचो, आता सोडलं. चालू सवयीला 'आय युजुअली गो' लागतं. आणि 'आयम यूज्ड टु द कोल्ड' म्हणजे थंडीची सवय झाली. 'आयम' असलं की सवय, नसलं की संपलेली गोष्ट.

'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' चं मराठी रूप आपण कायम वापरतो: अपवादाने नियम सिद्ध होतो. पण आपला मुद्दा खोटा ठरला की पळवाट म्हणून ते वापरायचं, ही दोन्ही भाषांतली वाईट खोड आहे. मूळ कल्पना कायद्यातली. दुकानावर 'सोमवारी बंद' ही पाटी असेल, तर बाकी दिवस दुकान उघडं असतं हा नियम न लिहिताही कळतो. अपवाद सांगितला, म्हणून नियम आहे हे सिद्ध झालं.

पायरी 7: छोट्या शब्दांतले टोमणे

हे सर्वांत अवघड, कारण शब्द अगदी साधे.

'टिपिकल!' एवढाच उद्गार आला तर अर्थ 'नेहमीचंच मेलं!' पावसाळ्यात छत्री घरी राहिली त्याच दिवशी पाऊस आला, की ब्रिटिश माणूस हे म्हणणारच.

'ही वुड से दॅट, वुडन्ट ही?' म्हणजे तो असंच म्हणणार ना! आपल्या 'णार ना' ने हा सूर नेमका पकडला आहे. यामागे 1963 सालचा लंडनचा खटला आहे. प्रोफ्यूमो प्रकरणात, म्हणजे एका ब्रिटिश मंत्र्याच्या विवाहबाह्य संबंधांवरून गाजलेल्या प्रकरणात, मँडी राइस-डेव्हिस या तरुणीला साक्षीच्या वेळी सांगितलं गेलं, की लॉर्ड अ‍ॅस्टर तुमच्याशी संबंध असल्याचं नाकारतात. ती म्हणाली, 'वेल, ही वुड, वुडन्ट ही?' कोर्टात हशा पिकला आणि वाक्य भाषेत राहून गेलं. आजही राजकारण्याने आरोप फेटाळला की लोक तेच म्हणतात.

'सरप्राइज, सरप्राइज' असं दोनदा आणि सपाट आवाजात आलं, तर आश्चर्य अजिबात वाटलेलं नाही. 'व्हॉट एल्स इज न्यू?' हा प्रश्न नाही. आणि 'टेल मी अबाउट इट' वर तर नवखे हटकून फसतात. समजा तुम्ही म्हणालात, 'अवर व्हीपीएन इज व्हेरी स्लो टुडे.' पलीकडून आलं, 'टेल मी अबाउट इट.' तुम्ही व्हीपीएनचा वेग, लॉग, सर्व्हरचं नाव सांगायला लागता. त्याला यातलं काही नको आहे. तो म्हणतोय, 'मला काय सांगतोस, मीही तेच भोगतोय.' आवाज 'मी' वर चढला की समजावं. चढला नाही आणि वाक्य खरंच प्रश्नासारखं आलं, तर मात्र सांगा.

'इट इज व्हॉट इट इज' म्हणजे आता काय करणार. याने चर्चा संपवली जाते, पुढे ताणू नका.

पायरी 8: आपले मराठीतले इंग्रजी शब्द तपासून घ्या

आजारपणानंतर आपण विचारतो, 'आता नॉर्मल आहेस ना?' हेच इंग्रजीत 'आर यू नॉर्मल नाउ?' झालं की समोरचा भुवया उंचावतो. 'आर यू बॅक टु नॉर्मल?' म्हणा.

'कॉमन' सवयीला, आडनावाला, चुकीला लावा. ब्रिटनमध्ये माणसाला लावलात तर तो 'हलक्या दर्जाचा' अशी शिवी होते.

'रेग्युलर' आपल्याकडे नियमित. अमेरिकेत मुख्यतः साधं: पंपावर 'रेग्युलर' म्हणजे साधं पेट्रोल. आणि तिकडच्या डॉक्टरने 'आर यू रेग्युलर?' विचारलं, तर तो तुमच्या हजेरीची नाही, पोट साफ होण्याची चौकशी करतोय.

'ऑर्डिनरी' ऑस्ट्रेलियन तोंडून आला तर बऱ्याचदा वाईट, फालतू. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकणाऱ्यांना 'दॅट्स अ प्रिटी ऑर्डिनरी शॉट' ठाऊक असेल. 'अ‍ॅव्हरेज' दर्जाला लावलं तर पासापुरतं. आणि गाडी अ‍ॅव्हरेज किती देते हे भारताबाहेर विचारू नका, तिथे 'मायलेज'.

पायरी 9: वापरायला केव्हा लागायचं

आधी फक्त ओळखा. टीममधला कोण कोणता वाक्प्रचार कधी वापरतो ते वहीत टिपा, शेजारी रकाना. मग स्वतःच्या वस्तूबद्दल, स्वतःच्या उशिराबद्दल, हवामानाबद्दल वापरून पाहा. दुसऱ्याच्या कामाबद्दल सर्वांत शेवटी. एका वाक्यात एकच, दोन टाकले की पाठ केल्यासारखं वाटतं. 'न्यू नॉर्मल' तर वापरूच नका. 2008 च्या आर्थिक मंदीनंतर तो वर आला, 2020 मध्ये इतका घासला गेला की आता ऐकणाऱ्याला जांभई येते.

भर कॉलवर काहीच कळलं नाही, तर गप्प राहून 'ओके' म्हणण्यापेक्षा हा प्रश्न विचारा: 'सॉरी, इज दॅट अ गुड थिंग ऑर अ बॅड थिंग?' लोक बहुधा हसतात आणि दोन वाक्यांत समजावून सांगतात. चॅटवर असाल तर आधी शब्दकोश उघडा, वेळ असतो. तिथेही मघाचा शेरा आधी वाचा.